टॉवरची चार मिनिटं

२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तुझा काका ठणठणीत आहे हे आधी सांगतो, म्हणजे पाकीट बघून घाबरायला नको. कागदावर लिहितोय, कारण फोनवर तू यंत्रांचं बोलायला लागलीस की मी नुसता "हो हो" करतो आणि फोन ठेवल्यावर काही आठवत नाही. कागद कसा, टॉवरवर घेऊन जाता येतो. व्हिडिओ कॉलचं नाव काढायचं नाही. मला त्या काचेत माझं तोंड बघायला आवडत नाही.

प्रकरण असं आहे. चौकातल्या टॉवरचं घड्याळ मी तीस वर्षं बघतो. सहा वर्षांपूर्वी पालिकेने त्यातली जुनी चक्रं काढून काटे फिरवायला मोटर बसवली, आणि मोटरला हुकूम सोडायला तळहाताएवढा एक कॉम्प्युटर. हिरवी पाटी, तिच्या कडेला चार-पाच भोकं, ना पडदा ना डबा. ठेकेदाराने बसवला आणि जो गेला तो गेला. गंमत पुढेच आहे. या कॉम्प्युटरला स्वतःचं घड्याळ नाही! वीज गेली की तो झोपतो, आणि उठला की आपण झोपलो तीच वेळ अजून चालू आहे असं समजतो. मग दर वेळी वर जाऊन वेळ लावून द्यायची. टॉवरचं घड्याळ चालवायला अख्ख्या दुनियेतून निवडला तो असा.

आता पालिकेच्या अभियंत्याची नोटीस आली आहे. हा गृहस्थ जन्मालाच रेघ मारून आला असावा, मी त्याला फूटपट्टी म्हणतो. तो म्हणतो, आतलं लिनक्स फार जुनं झालंय. पंधरा एप्रिलच्या आत नवं घातलं नाही, तर काम बाहेरच्या कंपनीला जाईल आणि टॉवरची किल्ली मी जमा करायची. तपासणी तो स्वतः करणार.

दुकानात दिवसाकाठी एक गिऱ्हाईक येतं, तेही पट्टा बदलायला. किल्ली गेली तर मी कोण राहिलो? तेव्हा जे काय नवं घालायचं ते पाठव. मोटरबरोबर आलेला कागद सोबत जोडला आहे. किल्ली मी देणार नाही.

काकू बरी आहे.

तुझा काका

९ फेब्रुवारी

ती. काकांना नमस्कार.

पत्र! तिकीट लावलेलं! ऑफिसात सगळ्यांना दाखवून झालं. आणि तुमचं अक्षर इतकं वळणदार कधीपासून झालं? माझ्या आठवणीत तर कोंबडीचे पाय होते. वय झालं की माणसं बिघडतात म्हणे, तुम्ही सुधारताय.

काळजी सोडा. हे छोटे कॉम्प्युटर म्हणजे माझं रोजचं काम. आमच्याकडे असे तीनशे आहेत आणि सगळे मी खुर्चीतून न उठता अपग्रेड करते. पत्राच्या मागे चिकटपट्टीखाली नखाएवढं मेमरी कार्ड आहे. त्यात नवं लिनक्स आहे, आणि तुमच्या कागदावरून काटे फिरवायचा प्रोग्रॅमही मी नव्याने लिहून टाकलाय. जेमतेम चाळीस ओळी.

वीज बंद करा. जुनं कार्ड हळूच बाहेर ओढा आणि डबीत ठेवा, फेकू नका. नवं घाला, सोनेरी पट्ट्या पाटीच्या अंगाला. मग वीज सुरू करा. लाल दिवा लागेल, शेजारचा हिरवा लुकलुकेल. हिरवा लुकलुकला की गंगेत घोडं न्हालं.

काकूला मात्र तुमच्याबरोबर वर चढायला लावू नका हं. तिचे गुडघे दुखतात.

तुमची भिंगरी

१६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

लाल लागला. हिरव्याने हूं की चूं केलं नाही.

एकशे बारा पायऱ्या तीन वेळा चढून झाल्या. पहिल्यांदा तुझा कागद घरीच राहिला म्हणून, दुसऱ्यांदा कार्ड घालायला, तिसऱ्यांदा तेच परत काढून बघायला. कार्ड आम्ही फुंकून घातलं, पुसून घातलं, अर्धा तास वाट बघितली. शेवटी जुनं परत घातलं तेव्हा काटे हलले. मधल्या वेळात टॉवर पावणेअकरावरच उभा होता आणि चौकातला फळवाला खालून ओरडून विचारत होता, आज सुट्टी आहे का.

मी त्याला म्हटलं, भाच्या-पुतण्या शिकल्या की असं होतं. पुढे काय करायचं ते लिही.

काका

२१ फेब्रुवारी

ती. काका,

अहो, कार्ड पालथं गेलं असणार! शंभरातल्या नव्वद वेळा हेच होतं. फार लहान असतं ते, आणि तुमच्या वयाला हात जरासा थरथरला तरी ते तिरकं बसतं. यात लाजण्यासारखं काही नाही. शेजारपाजारचं कुणी तरुण, धडधाकट माणूस वर घेऊन जा आणि त्याच्याकडून घालून घ्या. कार्डात काही दोष नाही, मी पाठवायच्या आधी इथल्या कॉम्प्युटरवर चालवून बघितलंय.

भिंगरी

२६ फेब्रुवारी

भिंगरी,

पन्नास वर्षं मी डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्या. तू पाळण्यात होतीस तेव्हा तुझ्या आईचं मनगटी घड्याळ उघडून, साफ करून, तू रडायच्या आत परत बंद केलं होतं. मला कार्डाची सुलटी-पालथी बाजू शिकवू नकोस.

कार्ड सुलटं होतं. तुझंच डोकं पालथं असेल.

तुझ्या ऑफिसात डॉक्टर रोग्याला न बघता औषध देतात का? ती पाटी कुठली, केव्हाची, हे तू एकदा तरी विचारलंस? पाटीच्या कोपऱ्यात मुंगीच्या पावलांनी काहीतरी छापलं आहे. भिंगाखाली वाचून नंबर आणि साल खाली उतरवलं आहे. बघ आणि कळव.

काका

४ मार्च

ती. काका,

कान पकडले. दोन्ही.

तुमचा नंबर शोधून बघितला. तुमची पाटी दहा वर्षांपूर्वीची आहे. तिचा प्रोसेसर बत्तीस बिटांचा, आणि मी पाठवलं चौसष्ट बिटांचं लिनक्स. ते त्या बिचाऱ्याला वाचताच येत नाही. हिरवा दिवा लुकलुकणार कुठून? आमच्या तीनशेच्या तीनशे पाट्या नव्या आहेत, म्हणून जगातल्या सगळ्याच नव्या असतील असं मी धरून चालले. तुम्हाला मात्र हातावरून बोलले. माफ करा.

आता हे दुसरं कार्ड. यात बत्तीस बिटांचं, थोडं जुनं लिनक्स आहे, ते नक्की उठेल. उठलं की त्याला एखादा छोटा पडदा आणि कीबोर्ड जोडा, फोनवरून इंटरनेट द्या, आणि मागच्या पानावर लिहिलेल्या कमांड एकेक करून टाइप करा. मग ते तिथेच स्वतःला अपग्रेड करून घेईल. मध्ये काही विचारलं तर 'नवीन' म्हणा.

सोबत पुडीत एक चिमुकली पट्टी आहे, बटणाएवढ्या सेलवर चालणारं घड्याळ. चार पिना पाटीवर बसवायच्या, चित्र काढलंय. वीज गेली तरी वेळ लक्षात राहील. तुमच्या यंत्राला अखेर घड्याळ मिळालं!

भिंगरी

१३ मार्च

चि. भिंगरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

हिरवा लुकलुकला!

असा लुकलुकला की काकूने टाळी वाजवली. पण तुझं लिनक्स मोठं संशयी आहे. अपग्रेडची कमांड दिली तर म्हणालं, तुम्ही आणलेली यादी अजून सत्त्याण्णव दिवस वैध होणार नाही. म्हणजे काय, तर ते जुनं लिनक्स जिथे बनलं त्या दिवसावरच अडून बसलं होतं, आणि मार्च महिन्यातला कागद बघून त्याला वाटलं, ही मंडळी भविष्यातून आली आहेत, यांच्यावर विश्वास ठेवायचा नाही. मी हसून हसून दमलो. मग तुझ्या मागच्या पानावरची तारखेची कमांड दिली आणि त्याला आजच्या दिवसात आणलं.

अपग्रेड अडीच तास चाललं. पडद्यावर ओळी पळत होत्या. मध्येच थांबून विचारलं, जुनी फाइल ठेवू की नवी घेऊ? इतक्या सरळपणे हे मला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं. माझ्या मनात होतं 'जुनी', पण तुझा शब्द मोडला नाही.

छोटं घड्याळही बसवलं. मुद्दाम वीज काढून बघितली. परत उठलं ते अगदी बरोबर वेळेवर. फूटपट्टी येऊ दे आता.

काका

२२ मार्च

चि. भिंगरी,

तुझं शाबासकीचं कार्ड मिळालं आणि त्याच टपालात पालिकेचं पाकीट. नऊ दिवसांत त्रेचाळीस तक्रारी!

गावातला निम्मा कामकरी वर्ग बसला मुकला. गिरणीच्या दारावर रोज उशिरा आलेल्यांची रांग. शाळेच्या बाईंनी सगळ्या वर्गाला उशिराचा शेरा दिला आणि मग कळलं की त्याही उशिरा आल्या होत्या. फूटपट्टी म्हणतो, जुन्या यंत्रणेबद्दल सहा वर्षांत एक तक्रार नव्हती, ही नवी यंत्रणा सदोष दिसते.

माझी चार मिनिटं कुठे गेली?

आता 'कुठली चार मिनिटं' असं विचारू नकोस. बस स्टँड पुलापलीकडे नेला तेव्हापासून टॉवर चार मिनिटं पुढे आहे. चौकातून स्टँडपर्यंत चालत तेवढीच लागतात. माझ्या आधीच्या घड्याळजीने काटे पुढे घेतले, मी तसेच ठेवले, ठेकेदारालाही बजावून तसंच करून घेतलं. काट्यांबरोबर टोला पडतो, तो ऐकला की घरातून निघायचं, बस मिळते. खिशात फोन असला तरी माणूस टोल्यालाच उठतो. ही काय सांगायची गोष्ट आहे? तू इथेच वाढलीस!

ती चार मिनिटं मला पंधरा तारखेच्या आत परत हवी आहेत.

काका

२७ मार्च

ती. काका,

तरीच मी लहानपणी शाळेला कधी उशिरा पोचले नाही, आणि इथे आल्यापासून रोज पोचते. मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी बिघडलं.

पण काका, हे मी करणार नाही. तीनशे यंत्रं एकमेकांशी सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत जुळवून ठेवते म्हणून मला पगार मिळतो. यंत्राची वेळ मुद्दाम चुकवली तर ते इंटरनेटवर कुणाशी धड बोलू शकणार नाही, पुढचं अपग्रेड अडेल, आणि तपासणीत पहिल्या झटक्याला पकडले जाल. शिवाय घड्याळ बरोबर आहे! आयुष्यात पहिल्यांदा बरोबर आहे! चूक आहे ते गाव. गावाने चार मिनिटं लवकर निघावं.

रागावू नका. तुमच्या भल्याचंच सांगते.

भिंगरी

२ एप्रिल

चि. भिंगरीस काकूचा आशीर्वाद.

अक्षर ओळखीचं वाटेल. आतापर्यंतची सगळी पत्रं माझ्याच हातची आहेत. हे बोलायचे, मी लिहायची. अक्षराचं कौतुक तू केलंस ते मला मिळालं, पण मान ह्यांनी ताठ केली.

हे पत्र मी लपून लिहितेय. म्हणजे ह्यांना माहीत आहे, तिकीट ह्यांनीच काढून ठेवलं, पण आम्ही दोघंही मी लपून लिहितेय असं धरून चाललोय.

दोन वर्षं झाली, ह्यांचे हात कापतात. कपातला चहा निम्मा बशीत जातो. दुकानात घड्याळ येतं तेव्हा हे शेजारी बसून सांगतात आणि मी उघडते. गिऱ्हाईक आलं की हे भिंग डोळ्याला लावून बसतात. टॉवरवर मी चढते. हे खाली पहिल्या पायरीवर बसून ओरडून सूचना देतात, निम्म्या ऐकू येत नाहीत आणि काम त्यामुळे लवकर होतं. कार्ड मी घातलं, पाटीवरचा नंबर मी वाचला, अडीच तास पडद्यासमोर मी बसले. काकूला वर चढायला लावू नका, हे तुझं वाक्य मीच ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, पुढचं वाच.

हाताबद्दलचं वाक्यही मीच वाचलं. त्या दिवशी हे जेवले नाहीत. तुला ठाऊक नव्हतं, हे मला कळतं. ह्यांनाही कळत होतं, तरी लागलं.

आता चार मिनिटांचं. तुझ्या चाळीस ओळी मी बसून वाचल्या. सगळं कळलं असं नाही. पण एका ओळीत तू यंत्राला वेळ विचारतेस आणि पुढच्या ओळीत ती काट्यांना सांगतेस, एवढं कळलं. मग यंत्राला खोटं बोलायला लावायचंच कशाला? त्याने आपलं खरं ते सांगावं. मी त्या दोन ओळींच्या मध्ये २४० मिळवले. तू सगळं सेकंदांत मोजतेस ना? आधी तुझ्या फाइलची एक प्रत काढून ठेवली आहे. मंगळवारपासून गाव वेळेवर आहे. काही चुकलं असेल तर सांग.

मला धास्ती वेगळीच आहे. फूटपट्टीने वर येऊन 'तुम्ही करून दाखवा' म्हटलं तर? हे म्हणतात, मी हात खिशात ठेवीन. पण असे किती वेळ ठेवणार? दुकान नावापुरतं उरलंय. किल्ली गेली तर हे खचतील, आणि मला ते बघवणार नाही.

तुझी काकू

७ एप्रिल

प्रिय काकू,

तुझं पत्र वाचून मी ऑफिसातल्या जिन्यात जाऊन रडले. मग परत येऊन तुझी ओळ माझ्या इथल्या पाटीवर चालवून बघितली. काही चुकलेलं नाही. यंत्राची वेळ खरी राहते, फक्त काटे पुढे जातात. हे मला सुचायला हवं होतं. मी तत्त्वाचं भाषण देत बसले आणि तू बेरीज केलीस. प्रत काढून ठेवायची सवय तर माझ्या हाताखालच्या लोकांना मी तीन वर्षांत लावू शकले नाही.

मी सगळी पत्रं काकांना लिहिली आणि तुझ्यासाठी प्रत्येकात एक ओळ, तीही गुडघ्यांची किंवा नाहीच. याची मला फार लाज वाटते.

तपासणीच्या दिवशी काय करावं, हे मी सांगणार नाही. या प्रकरणात मी दोनदा ठासून सल्ला दिला आणि दोन्ही वेळा आपटले. काकांना तू जाणतेस.

तुझी भिंगरी

१८ एप्रिल

चि. भिंगरी,

हे माझ्या हातचं पत्र आहे. दोन दिवस लागले. वाचता येईल तेवढं वाच.

तपासणी झाली. मी एकशे बाराच्या एकशे बारा पायऱ्या चढलो, मध्ये पाच वेळा बसलो. फूटपट्टीने फोन काढून पडद्यावरच्या वेळेशी ताडून बघितला. सेकंदाला सेकंद. लिनक्सचा नंबर बघितला. नवा. मग झरोक्यातून मान बाहेर काढून त्याने काटे बघितले आणि पुन्हा फोन बघितला. शेवटी म्हणाला, "फॉर्मात काट्यांचा रकाना नाही. आणि मलाही सव्वापाचची बस गाठायची असते."

मग म्हणाला, "आता एकदा तुम्ही कमांड चालवून दाखवा."

मी खिशातून हात काढले. एका अक्षराच्या जागी सात उमटली. खोडायला गेलो तर आणखी चार. काकू भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी वाकलो होतो तो सरळ झालो आणि म्हणालो, "साहेब, हे माझ्याच्याने होत नाही. दोन वर्षं झाली. सगळं ती करते." बोलायला इतकं सोपं होतं! मी उगाच दोन वर्षं घालवली.

काकूने दहा मिनिटांत सगळं करून दाखवलं. कुठली ओळ काय सांगते तेही त्याला समजावलं. जाता जाता तो तिला काकू म्हणायला लागला होता.

पण नियम म्हणजे नियम. जो चालवतो त्याच्याच नावावर किल्ली. त्याने हात पुढे केला आणि मी किल्ली दिली. देणार नाही म्हटलं होतं, दिली. मग तिथेच, पायरीवर बसून, त्याने काकूचा नवा अर्ज भरायला घेतला. नाव झालं, पत्ता झाला. पुढचा रकाना, पूर्वानुभव किती वर्षे. काकूने लिहिलं, दोन.

मी तिच्या हातून पेन घेतलं, ते खोडलं आणि पुढे 'एकेचाळीस' लिहिलं. लग्न होऊन दुकानात आली त्या दिवसापासून मोजून. फूटपट्टीने कागद तिरका केला, उलटा केला, म्हणाला, "हे काय लिहिलंय, काही कळत नाही."

काकूने कागद हातात घेऊन माझ्या त्या शब्दाकडे खूप वेळ बघितलं. मग त्याच्याच खाली, तिच्या नीटस अक्षरात तिने लिहिलं, एकेचाळीस.

काका